मदत हवी आहे: ग्लायकोजेनचा हिशोब कुठे चुकतोय?

पायपीट_पुणे:
मंडळी, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची (पूर्ण, 42.195 किमी) तयारी चालू आहे. रविवारच्या लाँग रनला 28 किमीपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि मग पायांनी मान टाकली. (पायांना मान नसते, पण भावना समजून घ्या.) धाप नाही, चक्कर नाही, पोटऱ्यांत गोळे नाहीत, मांड्या नुसत्या उचलेनात. घरी आल्यावर काही खायच्या आधी आईच्या ग्लुकोमीटरवर साखर बघितली, तर 92.

आता माझा हिशोब. यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली साखर), स्नायूंत 400. ग्रॅमला 4 कॅलरी धरल्या तर 2000. धावताना दर किलो वजनामागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन 65, म्हणजे 28 किमीला 1820. त्यातला काही वाटा चरबीनेही उचलला असणार. मग साठा संपला कसा? आणि संपला नसेल तर पाय का थांबले?

'जेल (धावताना खायची साखरेची घट्ट पेस्ट) खा' हे ग्रुपमधले सगळे सांगतात. मला कारण हवंय.

घाटमाथा:
पाणी कमी पडलं असेल. लिंबू सरबत घेऊन बघा.

प्रयोगवही:
तुमची बेरीज बरोबर आहे, पण 400 ग्रॅम हा सगळ्या अंगाचा आकडा आहे. त्यात दंड, पाठ, खांदे सगळे आले. ज्या स्नायूत साठा आहे तो त्याच स्नायूला वापरता येतो.

कारण एका एन्झाइममध्ये आहे. स्नायूत ग्लायकोजेन फुटलं की ग्लुकोज मिळतं ते फॉस्फेट चिकटलेलं, आणि तशा अवस्थेत ते पेशीबाहेर पडू शकत नाही. फॉस्फेट काढणारं ग्लुकोज-6-फॉस्फेटेज यकृतात असतं, स्नायूत नसतं. म्हणून यकृत रक्तात साखर सोडू शकतं, मांडी सोडू शकत नाही आणि दंडही. तुमची 92 यकृताने सांभाळली. मांड्यांचा साठा मात्र तळाला गेला असणार. चरबी होतीच, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते, त्या वेगाला ती पुरत नाही.

याचा सुंदर पुरावा 1966 सालचा आहे. स्वीडनमधले बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन हे दोघे एकाच व्यायामाच्या सायकलला दोन बाजूंनी बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं. मग मांडीत सुई घालून स्नायूचे नमुने काढले, स्वतःच्याच! राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं, शेजारच्या पायातलं जसंच्या तसं. पुढे तीन दिवस भरपूर कार्बोहायड्रेट खाल्ल्यावर राबलेल्या पायात दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट साठा झाला. शर्यतीआधीच्या 'कार्ब लोडिंग'चं मूळ हेच.

तिरकस:
थोडी दुरुस्ती. दंडातला साठा अगदीच कुलूपबंद नसतो. तिथे लॅक्टेट (साखर अर्धवट फुटून होणारा पदार्थ) तयार होऊन रक्तात जातं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. याला कोरी चक्र म्हणतात. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला ग्लायकोजेनवरच्या कामासाठी 1947 चं नोबेल मिळालं. पण मॅरेथॉनमध्ये हात तसे रिकामेच हलतात, त्यामुळे या वाटेने मांड्यांना फार काही मिळणार नाही.

पायपीट_पुणे:
प्रयोगवही, खूप आभार. तुमच्या उत्तराने डोक्यातली गाठ सुटली. दोन उपप्रश्न: शर्यतीआधी भात-बटाटे वाढवले की वजन चढतं, ती चरबी का? आणि पहाटे काही न खाता निघालं तर मांड्या आधीच रिकाम्या असतात का?

प्रयोगवही:
ते बहुतेक पाणी. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, तेव्हा दीड-दोन किलोने घाबरू नका.

पहाटेचं म्हणाल तर रात्रभरात यकृताचा साठा बराच उतरतो, कारण मेंदूला झोपेतही साखर लागते. मांड्या झोपेत काम करत नसल्याने त्यांचा साठा जवळपास तसाच राहतो. निघण्याआधीचं केळं मुख्यतः यकृतासाठी. एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम कार्बोहायड्रेट धरा.

धावताना तासाला 30 ते 60 ग्रॅम, आणि तेही पहिल्या तासापासून. मार्गाच्या उत्तरार्धातला पेडर रोडचा चढ येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असेल. खाल्लेलं आतड्यातून रक्तात यायला वेळ लागतो, आणि रिकाम्या मांड्या धावता धावता पुन्हा भरत नाहीत. जेलच हवं असं नाही, खजूर किंवा चिक्कीही चालते. फक्त सराव लाँग रनला करा, नाहीतर शर्यतीत पोट बिघडेल.

आईंना मधुमेह असेल तर त्यांना हे आकडे लागू नाहीत, त्यांचं डॉक्टरांनाच विचारा.

घाटमाथा:
चिक्की शेंगदाण्याची नको, दातात अडकते. राजगिऱ्याची घ्या.