गाडीचा लोअर आर्म घरीच बदलतोय, गंजलेला बोल्ट सुटत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी चिपळूणचा. माझी हॅचबॅक 1,10,000 किमी चाललीय. खड्ड्यात डाव्या पुढच्या चाकाकडून खटखट येते, ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते. पाहिलं तर लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागचा बुश (रबरी जोड) पार फाटलेला, बॉल जॉइंटलाही (आर्मचा चाकाकडचा गोल सांधा) खेळ. म्हणून आख्खा आर्मच नवीन आणला.

गाडी स्टँडवर आहे (नुसत्या जॅकच्या भरवशावर मी खाली जात नाही). पण बॉल जॉइंटचा पिंच बोल्ट (सांध्याची दांडी आवळून धरणारा) कोकणातल्या पावसाने असा गंजलाय की हलत नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, तरी तेच. गरम करावा का? शेजारीच ड्राइव्ह शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट आणि एबीएसची वायर आहे, त्यांची भीती वाटते. बोल्टचं डोकंच तुटलं तर काय करायचं?

दुसरं, बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच पक्के आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं, हे माहीत आहे. पण चाक लावलं की पाना आत पोचत नाही. बॉल जॉइंटखाली जॅक लावून आर्म तेवढा उचलला तर चालेल का?

शनिवारी आईला रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्यायचंय, त्याआधी चाकांचं अलाइनमेंटही हवं. स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा.