फ्लोराइडच्या पाण्यावर लोखंड आणि चुंबकाचा उपाय चालेल का?

प्रश्न : शिक्षक, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ

आमच्या शाळेजवळच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा अहवाल आला आहे. तिसरी-चौथीतल्या काही मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळसर तपकिरी आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. पंपाला लाल रंग दिला आहे, तरी उन्हाळ्यात विहीर आटली की बायाबापड्यांना पुन्हा तिथेच हंडे लावावे लागतात. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून चुंबकाने परत ओढून घेतले की त्यांच्यासोबत विषारी द्रव्येही निघून येतात, असे माझ्या वाचनात आले. त्याच सुमारास पाइपला बाहेरून बसवायचे चुंबक विकणारा एक जण ग्रामपंचायतीत येऊन गेला. लोहाराकडचा लोखंडाचा कीस आणि जुन्या स्पीकरमधले चुंबक वापरून निदान शाळेपुरते पाणी शुद्ध करता येईल का?

उत्तर : जलरसायनाचा अभ्यासक, नागपूर

सर, आपण वाचले ते खरे आहे, पण ते मुख्यतः आर्सेनिकसारख्या द्रव्यांबाबत. या पद्धतीत कामे दोन असतात आणि ती वेगवेगळी समजून घेतली पाहिजेत. दूषित द्रव्य पकडण्याचे काम लोहसंयुगाचा पृष्ठभाग करतो. चुंबक फक्त ते कण पाण्यातून बाहेर काढतो. जे द्रव्य कणाला चिकटलेच नाही, ते चुंबक कितीही मोठा असला तरी पाण्यातच राहणार.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये मॅग्नेटाइट या चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या लोह ऑक्साइडचे सुमारे १२ नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण वापरून पाण्यातील आर्सेनिक काढून दाखवले. इतके बारीक कण ओढायला फार प्रबळ चुंबक लागेल असा समज होता; प्रत्यक्षात हे कण चुंबकीय क्षेत्रात एकमेकांना धरून गोळा होतात, त्यामुळे साध्या चुंबकानेही वेगळे करता आले. त्याहून मोठ्या प्रमाणावर काम करायचे तर विद्युतचुंबकाच्या पोकळीत बारीक पोलादी तारांचा लगदा भरून त्यातून पाणी सोडतात. चिनी मातीतील लोहयुक्त अशुद्धी काढून ती पांढरी करण्यासाठी उद्योगात हे तंत्र १९७०च्या दशकापासून रुळलेले आहे.

चुंबकाशिवायही लोखंड पुष्कळ काम करते. ते गंजताना तयार होणाऱ्या लोहाच्या हायड्रॉक्साइडला आर्सेनिक घट्ट चिकटते. क्रोमियम धातूच्या सहासंयुजी या विषारी, पाण्यात विरघळणाऱ्या रूपाला लोखंड इलेक्ट्रॉन देते. त्यातून बनणारे त्रिसंयुजी क्रोमियम फारसे विरघळत नाही आणि खाली बसते. उत्तर कॅरोलिनातील एलिझाबेथ सिटी येथे १९९६ मध्ये जमिनीखाली लोखंडाच्या कणांची एक भिंतच घातली गेली, आणि भूजल तिच्यातून वाहताना क्रोमियम तिथेच अडून राहते.

फ्लोराइडचा स्वभाव मात्र निराळा. त्याची ओढ लोहापेक्षा ॲल्युमिनियमकडे जास्त असते. शिवाय फ्लोराइडचे पाणी बहुधा अल्कधर्मी आणि बायकार्बोनेटने भरलेले असते, आणि अशा पाण्यात लोह ऑक्साइडच्या पृष्ठभागावरची जागा इतर आयनच (विरघळलेले विद्युतभारित कण) अडवून बसतात. म्हणून आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरतात, लोखंड नव्हे. तुरटीची मात्रा पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, तपासून ठरवावी लागते. ती चुकली तर फ्लोराइड पुरेसे उतरत नाही किंवा पाण्यात ॲल्युमिनियम उरते, आणि खाली बसलेला फ्लोराइडयुक्त गाळ रोज कुठे टाकायचा याचीही सोय लागते. ज्या शाळेत हे काम नेमाने पाहणारा माणूस नाही, तिथे ही पद्धत सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोहाराकडचा कीस तर अजिबात वापरू नका. त्यावर तेल असते, आणि त्या लोखंडात आणखी कोणते धातू मिसळले आहेत हे आपल्याला ठाऊक नसते.

उत्तर : शेतकरी, तेल्हारा तालुका, जिल्हा अकोला

पाइपवरच्या चुंबकाबद्दल लिहितो, कारण पूर्णेच्या खोऱ्यातल्या आमच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, हे विक्रेते दरवर्षी फिरतात. खारे पाणी गोड होईल असे सांगून आमच्या शेजाऱ्यांनाही एकाने ते बसवून दिले. आम्ही चुंबकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाणी दोन ग्लासांत घेऊन त्यात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) मोजणारा मीटर बुडवला, तर आकडा तोच. विरघळलेले मीठ पाइपमधून जसे येते तसेच पुढे जाते. ग्रामपंचायतीने पैसे देण्याआधी त्या माणसाच्या समक्ष दोन्ही बाजूंचे पाणी प्रयोगशाळेत पाठवावे आणि फ्लोराइडचाच आकडा मागावा. टीडीएसवरून फ्लोराइड कळत नाही.

उत्तर : आरोग्यसेविका, गडचिरोली जिल्हा

आमच्याकडे उलट पाण्यातच लोह आहे. हातपंपाचे पाणी हंड्यात पडते तेव्हा नितळ असते, पण थोड्या वेळाने पिवळे पडते आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. भाताचा रंग बदलतो, चहा काळपट होतो. हे लोह काढायलासुद्धा चुंबक लागत नाही. पाणी उंचावरून धार धरून ओतले, हवा मिळू दिली आणि वाळूतून गाळले की बराचसा गाळ वर अडकतो. पण या गाळणीने फ्लोराइड जात नाही, हे आपल्या गावात आवर्जून सांगा. पाणी उकळूनही ते जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच.

प्रश्नकर्ते शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. चुंबकाचा प्रस्ताव मी ग्रामसभेत थांबवतो. मग आधी करावे तरी काय?

उत्तर : जलरसायनाचा अभ्यासक, नागपूर

गावातील प्रत्येक विहीर आणि प्रत्येक बोअर वेगळी तपासून घ्या. खडकातून आलेले फ्लोराइड खोल बोअरमध्ये जास्त आणि उथळ विहिरीत कमी, असे पुष्कळदा आढळते. तसे निघाले तर विहिरीचे पाणी निर्जंतुक करून पिण्यासाठी राखून ठेवता येईल. शाळेच्या छपराचे पावसाचे पाणी झाकलेल्या टाकीत साठवले तर पिण्यापुरता काही महिन्यांचा आधार होतो, कारण त्यात फ्लोराइड नगण्य असते. नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, आणि ते स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीतच भरा, कारण फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होऊन आकडा चुकू शकतो. बाटलीवर स्रोताचे ठिकाण, खोली आणि तारीख लिहा. उन्हाळ्याअखेरीचा आणि पावसाळ्यानंतरचा असे दोन्ही अहवाल हाती आले की इथे कळवा. क्षारतेचा आकडाही त्यात असू द्या.