मुलांचे कौतुक: आत्मसन्मान की हरभऱ्याचे झाड?

काठावरचा: ‘मुलाला उठता-बसता “तू हुशार आहेस” असे सांगा, आत्मसन्मान आपोआप वाढेल’ असा सल्ला देणारा धागा आणि त्याखालचा टाळ्यांचा कडकडाट वाचून राहवले नाही, म्हणून हे लिहीत आहे. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये आत्मसन्मानासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमले होते; तो वाढला की व्यसने, गुन्हेगारी सारे आटोक्यात येईल, अशी भाबडी आशा त्यामागे होती. पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळले, तेव्हा आत्मसन्मान फुगवल्याने अभ्यासात प्रगती होते याला आधार सापडला नाही. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत तर बुद्धीची स्तुती झालेल्या मुलांनी, मेहनतीची स्तुती झालेल्यांच्या तुलनेत, सोपीच कोडी अधिक मागितली आणि आपले गुणही अधिक प्रमाणात वाढवून सांगितले. माझ्या भाचीने सातव्या वर्षी शर्टाचे तुटलेले बटण स्वतः शिवले. दोरा चारांपैकी दोनच भोकांतून गेला होता, गाठ बाहेर लोंबत होती, तरी आठवडाभर तिला तोच शर्ट हवा होता. कोणी शाबासकी देण्याआधीच तिची मान ताठ झाली होती.

ओसरी: आपल्याला हे लिहिणे सोपे आहे. ज्या घरात कौतुक केले की मूल शेफारते असे मानले जाते, तेथे आपण वाढलेले दिसत नाही. मला ९२ गुण मिळाले, तेव्हा ‘उरलेले ८ कुठे सांडलेस?’ हा पहिला प्रश्न होता आणि दुसरा थोरल्या भावाच्या गुणांचा. पन्नाशी उलटली तरी कोणी चांगले म्हटले की मला आधी संशय येतो. आणि त्याच २००३ च्या आढाव्यात आत्मसन्मानाचा आनंदी असण्याशी घट्ट संबंध आढळला होता, तेवढे वाक्य आपण बरे गाळलेत!

काठावरचा: गाळले, मान्य, आपल्या नजरेतून काही सुटत नाही. पण मायेला माझा विरोध कधी होता? नेदरलँड्समधील ५६५ मुलांच्या २०१५ च्या अभ्यासात आईवडिलांच्या जिव्हाळ्यातून आत्मसन्मान वाढताना दिसला, तर ‘आमचे मूल इतरांपेक्षा खास’ या समजुतीतून आत्मप्रौढी. आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधत आहात.

खडूफळा: गाठोडे राहू द्या, आधी ती सरसकट पदके बंद करा. मी बरीच वर्षे शिकवत आहे. धावण्याच्या शर्यतीत शेवटी आलेल्या मुलाच्या गळ्यात पदक घातले, तेव्हा त्याने मला शांतपणे विचारले, ‘बाई, हे कशाचे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलांना कळत नाही असे फक्त पदके वाटणाऱ्या मोठ्यांनाच वाटते.

ओसरी: एका मुलाच्या प्रश्नावरून सगळ्यांची पदके काढून घेणार? माझा पुतण्या बोलताना अडखळतो. वर्गासमोर तो चार ओळी बोलला, त्यांतली तिसरी पूर्ण व्हायला मिनिटभर लागले, आणि तरीही तो खाली बसला नाही. त्याला मिळालेले सहभागाचे पदक त्याच्या उशाशी असते. ते आपण येऊन उचलून न्या, मग बोलू.

खडूफळा: भावनेला हात घालून वाद जिंकता येतो, एवढे आपण सिद्ध केलेत. त्याने ते पदक कमावले आहे. म्हणून तर इतर पंचवीस जणांना तेच वाटणे त्याचा अपमान आहे!

ओसरी: त्या पंचवीस जणांना काय जड गेले, हे आपण कोणत्या वहीत तपासले?

काठावरचा: मूळ प्रश्न स्तुतीचा होता, पदकांचा नव्हे, याची कोणाला आठवण आहे का?

खडूफळा: नाही, आणि तो आता महत्त्वाचाही राहिलेला नाही. ओसरीताई, आपल्या पुतण्याचे पदक त्याच्याकडेच राहू द्या. फक्त त्यावरचा ‘सहभाग’ हा शब्द खोडून ‘तिसरी ओळ पूर्ण केल्याबद्दल’ असे कोरून घ्या.

ओसरी: कोरून घेते. बिल आपल्या नावावर पाठवते.