मूठ वळायला तुम्हाला कोणी शिकवलं? अनुभव लिहा (बडोदेकर कराटे-बॉक्सिंगवाले खास)

मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे माझी लेक. वय अकरा, चार महिने झाले कराटेला जातेय, पिवळा पट्टा पण मिळाला. परवा मी उशी धरून म्हटलं मार बघू, तर तिने अंगठा आत घातला, वरून चारी बोटं गुंडाळली आणि दिला ठोसा. उशी होती म्हणून निभावलं. चार महिन्यांत कोणी तिची मूठ हातात घेऊन बघितलीच नव्हती, तीस-पस्तीस पोरं, एक सर, रांगेत उभं राहून इची-नी-सान (जपानी एक-दोन-तीन), त्यांना तरी किती दिसणार. मी कॉलेजात असताना आमच्या सरांनी पहिले दोन आठवडे फक्त मूठ वळायला लावली होती, तेव्हा आम्ही जाम कंटाळायचो. तर ज्यांनी कराटे, बॉक्सिंग, काहीही केलंय त्यांनी लिहा. दुखापत झाली असेल तर तीही लिहा, आणि नक्की कशाने झाली ते नीट सांगा.

दांडियाबाजारकर
ताई, माझीच गोष्ट घ्या. एकोणीस वर्षांचा होतो, बॉक्सिंग सुरू करून जेमतेम महिना. एक दिवस उशिरा पोचलो, ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्या बांधायचा कंटाळा केला, नुसते ग्लोव्हज चढवले आणि बॅगवर बाहेरून फिरवून जोरात मारला. मारताना मूठ तिरकी झाली, सगळा भार करंगळीच्या गाठीवर. आवाज आला नाही काही, फक्त हातात एकदम गरम वाटलं. ग्लोव्ह काढून मूठ वळली तर चारच्या जागी तीनच गाठी! करंगळीची गाठ आत बसलेली, तिथे सपाट. मला वाटलं सूज आहे, घरी बर्फ लावून झोपलो, दोन दिवस तसेच काढले ही माझी चूक. एक्सरेत करंगळीच्या मुळाशी तळहाताचं जे हाड असतं त्याची मान मोडलेली निघाली. डॉक्टर म्हणाले ह्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात पण हे येतं जास्त भिंतीवर राग काढणाऱ्यांना. त्यांनी बोटं अर्धी मिटायला लावली आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढत नाही ना ते बघितलं, कारण हाड फिरून जुळलं तर पुढे मूठ कायमची वाकडी मिटते. माझं फिरलं नव्हतं, नशीब. शेवटची दोन बोटं एकत्र धरून चार आठवडे प्लास्टर. गाठ मात्र अजून बसलेलीच आहे.
ग्लोव्हज बोटांना गादी देतात, मनगट धरून ठेवत नाहीत, ते काम पट्टीचं. मोठ्यांची पट्टी 180 इंच म्हणजे साडेचार मीटर घ्या, आखूड घेतली तर मनगटाला वेढे पुरत नाहीत.

हाडवैद्य_नाही_फिजिओ_आहे
वरच्या अनुभवामागचं कारण सांगते कारण ते एकदा डोक्यात बसलं की चूक होत नाही. हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताने तर्जनीची गाठ धरून वर-खाली हलवून बघा. हलत नाही. मधल्या बोटाचीही नाही. आता अनामिकेची, थोडी हलते. करंगळीची तर चांगलीच हलते. पहिल्या दोन बोटांची हाडं मनगटाला घट्ट बसलेली असतात, शेवटची दोन मोकळी असतात कारण वस्तू पकडताना तळहाताची वाटी करायला ती लागतात. म्हणून ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर घ्यायचा, तिथून जोर सरळ मनगटातून कोपराकडे जातो. मनगट वर किंवा खाली वाकलेलं असेल तर तोच जोर मनगट मुरगाळतो.
अजून एक, हे खूप महत्त्वाचं आहे. कोणाच्या तोंडावर मारताना गाठीवर दात लागून कापलं तर बँडेड लावून घरी बसू नका. जखम इवलीशी दिसते पण मूठ वळलेली असताना दात आत सांध्यापर्यंत जाऊ शकतो, आणि मूठ उघडली की वरचा टेंडन (बोट ओढणारा स्नायूचा दोर) सरकतो आणि घाण आत बंद होते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि दात लागलाय हे सांगा, लाजू नका.

मांडवीचा
माझे आजोबा जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात जायचे (1880 पासूनचं आहे ते, नंतर प्रोफेसर माणिकरावांनी वाढवलं). ते सांगायचे की गायकवाडांच्या पदरी जेठी मल्ल होते, ते वज्रमुष्टी खेळायचे, बोटांवर शिंगाचं हत्यार चढवून. मूठ म्हटलं की मला तेच आठवतं. आजोबा मला ओला पंचा पिळायला द्यायचे, म्हणायचे पकड आधी, मारामारी मागून.

सेन्सेई_म्हणू_नका
चौदा वर्षं मुलांना शिकवतोय, मांजलपूरला. मी असं शिकवतो: हात उघडा, आधी बोटांची टोकं त्यांच्या मुळाशी टेकवा, मग ती गुंडाळी तळहातात दाबा, आत हवा राहता कामा नये. मग अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर. आत घातला तर मार बसताना बोटंच त्याला चेचतात, बाजूला उभा ठेवला तर समोरच्याच्या बाहीत अडकून मागे वळतो, दोन्ही मी पाहिलंय. करंगळी सैल सुटते पोरांची, ती मुद्दाम आवळायला सांगा. आणि पूर्ण वेळ मूठ आवळायची नाही, खांदा जड होतो आणि हात हळू जातो, लागायच्या क्षणी आवळायची.
कळतं का नीट लागतंय ते? गाठींना खडू चोळायचा आणि गडद उशीवर हळू मारायचं. ठसे बघायचे. दोन गोल ठसे शेजारी आले तर बरोबर, तीन-चार आले किंवा करंगळीकडे घसरले तर मनगट बघा. पोरांना हा खेळ वाटतो, पंधरा-पंधरा मिनिटं करतात.
विंग चुनवाले (ही एक चिनी युद्धकला) उभी मूठ करून खालच्या तीन गाठींनी मारतात, ते चूक नाही, त्यांची कोपराची रेषच वेगळी असते. पण दोन्हींची खिचडी नको. लहान मुलांना फरशीवर गाठींवर डिप्स मात्र मारायला लावू नका हो, त्यांची हाडं अजून वाढत असतात.

फतेगंजची
मी सेल्फ डिफेन्ससाठी शिकले. पहिल्याच दिवशी तळहातात चार चंद्रकोरी उमटल्या, नखांच्या! नखं कापा, अंगठ्या काढा, बोट सुजलं की अंगठी निघत नाही. आमच्या मॅडमचं तर म्हणणं होतं की हातात काही नसताना कवटीसारख्या कडक जागी मूठ मारूच नका, तळहाताच्या टाचेने मारा, मोडायला बारीक हाडं तिथे कमी. मला हे फार पटलं. आणि उत्तरायण झालं की आठवडाभर माझी सुट्टी, मांज्याने तर्जनी चिरलेली असते, मूठ पूर्ण मिटतच नाही आणि अर्धवट मिटलेल्या मुठीने मारलं की लागतंच.

धागाकर्ती
किती छान लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री खडू करून बघितला, निळ्या अभ्र्यावर. पहिले दहा ठोसे, सगळे ठसे अनामिका-करंगळीकडे, मनगट खाली पडत होतं तिचं. मग मी फूटपट्टी तिच्या मनगटावर धरली, ती टेकून राहील असं मार म्हटलं. आज सकाळी शाळेआधी स्वतःच खडू घेऊन आली, दहातले सहा बरोबर. सरांशी पण बोलले, रागावले नाहीत, शनिवारी सगळ्यांच्या मुठी बघतो म्हणाले. डावखुऱ्यांनी कोणी शिकलं असेल तर लिहा ना, तिची मैत्रीण डावखुरी आहे, तिला उजव्यांच्या रांगेत बघून बघून शिकावं लागतंय.