मदत हवी आहे: पूर-भूकंपासाठी घराच्या विम्याची रक्कम पुरेशी आहे का, कसं तपासायचं?

तळमजला अधिक एक मजला असं स्वतंत्र घर आहे, पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात. विमा रक्कम बाजारभावावर नाही, पुनर्बांधणीच्या खर्चावर काढली आहे: बांधीव क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकाम दर, जमीन वगळून. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि सोलर पॅनेल वेगळे नोंदवलेत. सामानाची यादी फोटो आणि बिलांसह तयार आहे.

खरी काळजी कमी विम्याची आहे. उभारणीला 100 लागत असताना विमा 70 चाच असेल, तर सरासरीच्या अटीमुळे (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाईही कापणारी अट) 20 च्या नुकसानीला 14 च मिळतात. आपत्तीनंतर गवंडी आणि सिमेंट-सळई एकदम महागतात, म्हणजे आज बरोबर असलेली रक्कम तेव्हा अपुरी. त्यात भूकंपाची वजावट (दाव्यातली आपणच सोसायची रक्कम) नुकसानीवर नाही, विमा रकमेच्या 5 टक्के आहे. भिंतींच्या तड्यांचा दावा त्यातच संपेल. पुराचं पाणी समाविष्ट, पण जमिनीतून झिरपलेलं वगळलंय. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणतो, लेखी देत नाही.

हप्ता थोडा वाढला तरी चालेल. दरवाढीसाठी विमा रकमेत किती टक्के वाढ धरावी? आणि ढिगारा उपसण्याचा खर्च त्याच रकमेत मोजतात की वेगळा घ्यावा लागतो, हे पॉलिसीच्या कोणत्या कलमात शोधायचं?