सल्ला हवा: सोलापुरातल्या मुलांना बांधकाम साइटवर धड काम आणि शिकाऊ उमेदवारी कशी मिळेल?

पूर्वभागची_ताई
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोडच्या बाजूच्या वस्तीत राहते आणि संध्याकाळी आमच्या मंडळाची अभ्यासिका बघते. इथली बहुतेक घरं यंत्रमागावर आणि विड्यांवर चालतात. टॉवेलच्या कारखान्यात पाळी कधी लागते, कधी लागत नाही, आणि आईच्या विड्यांच्या मजुरीवर महिना सरत नाही. दहावी-बारावी झालेली, एकदोघे आयटीआय केलेली मुलं घरी बसून आहेत. चारपाच बायकाही काम मागतात.

आमच्यापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर दोन मोठ्या इमारती उभ्या राहतायत. मुलं गेटवर गेली की वॉचमन म्हणतो, "लेबर ठेकेदाराचं आहे, इथं काही नाही." आत बिहार, बंगाल, तेलंगणाकडची माणसं आहेत. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, तीही घरदार सोडून पोटासाठीच आलीत. पण आमच्या पोरांना आत शिरायचं दार नक्की कुठलं? आठवडाभर पाट्या उचलून परत घरी, असं नको आहे. हातात कसब यावं आणि कागदावर नाव यावं, एवढंच. इमारतीच्या कामात अप्रेंटिसशिप मिळते का? आणि ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना असा नियम आहे म्हणतात, तो बिल्डरला लागू आहे का?

ओळंबा_आणि_लेव्हल
ताई, मी साइट इंजिनियर आहे, सोलापूर-पुणे दोन्हीकडे काम केलंय. आधी स्थानिक पोरं का घेत नाहीत ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं जमणार नाही.

बिल्डर स्वतः मजूर ठेवत नाही. सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा) एकाकडे, सळई बांधणी दुसऱ्याकडे, बांधकाम-गिलावा तिसऱ्याकडे असं काम वाटलेलं असतं. बाहेरून आलेली टोळी साइटवरच शेडमध्ये राहते. स्लॅब सकाळी सुरू झाला की अर्ध्यात थांबवता येत नाही, रात्रीचे अकरा वाजले तरी ओतून संपवावा लागतो. टोळी तिथेच असते म्हणून ठेकेदार निर्धास्त असतो. गावातला पोरगा सहाला घरी निघतो, लग्नकार्याला दांडी मारतो, ही त्याच्या मनातली भीती. ती खरी असो-नसो, निर्णय त्यावरच होतो.

म्हणून माझं मत असं की स्लॅबच्या कामाच्या मागे लागूच नका. इलेक्ट्रिक, प्लंबिंग, फरशी, पुट्टी-रंग, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, पीओपी ही कामं बघा. ती दिवसा चालतात, ठेकेदार बहुतेक सोलापूरचेच असतात आणि त्यांना रोज घरी जाणारा पोरगा चालतो, उलट राहायची सोय करावी लागत नाही म्हणून परवडतो.

वेळ मात्र साधावी लागते. इलेक्ट्रिशियन इमारतीत सगळ्यात आधी शिरतो. सळई बांधून झाली की काँक्रीट ओतायच्या आत त्याला स्लॅबमधले पाइप आणि फॅन बॉक्स टाकावे लागतात. खालच्या मजल्यांवर विटकाम दिसायला लागलं की भिंतींना झिऱ्या (वायरीच्या पाइपसाठी खाचा) मारायला त्याला जास्त हात लागतात, प्लंबरही त्याच सुमारास येतो. बाहेरून गिलावा सुरू झालेला दिसला की फरशीवाला येणार असं समजा. तेव्हा इमारत बघून जा. आणि स्लॅबच्या दिवशी कुणालाही भेटायला जाऊ नका, कुणी मान वर करून बघणार नाही. संध्याकाळी पाचनंतर मापं घ्यायच्या वेळी ठेकेदार निवांत सापडतो.

नावं कुठून मिळवायची? महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रकल्प शोधा. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या पानावर विकासकाबरोबर आर्किटेक्ट, इंजिनियर, ठेकेदार यांची माहिती असते. सरकारी काम असेल तर साइटवरच्या फलकावर ठेकेदाराचं नाव असतं. गेटवरच्या वॉचमनला विचारण्यापेक्षा हे बरं.

निदेशक_सोलापूर
अप्रेंटिसशिपचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

बांधकामातही मिळते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, आणि या मनुष्यबळात कंत्राटी माणसंही मोजतात. बिल्डर म्हणतो "माझ्या ऑफिसात दहाच माणसं", तेव्हा हा मुद्दा नम्रपणे पुढे ठेवायचा. ३० पेक्षा कमी असली तरी छोटा ठेकेदार ठरावीक मर्यादेपर्यंत स्वखुशीने घेऊ शकतो.

२०१९ च्या दुरुस्तीत किमान विद्यावेतन दहावी पासला महिना ६,००० आणि आयटीआयवाल्याला ७,००० ठरलं. त्यातले २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५००, केंद्र सरकार देतं. ठेकेदारांना हे माहीतच नसतं. "सरकार वाटा उचलतं आणि अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केली की करार होतो" एवढं सांगितलं की निम्म्यांचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

मुलांना मात्र खरं सांगा. नाक्यावरच्या बिगाऱ्याला यापेक्षा जास्त पैसे सुटतात. हे पैसे कमी आहेत, पण शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. शिकाऊ काळ संपला की त्याच मालकाने नोकरी द्यावी असं कायद्यात नाही. हेही आधीच सांगा, नाहीतर वर्षाच्या शेवटी पोरगा तुमच्यावर रागावेल.

आयटीआय झालेल्या दोघांना विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये पाठवा, शिकाऊ उमेदवारीचं काम कोण बघतं ते तिथे कळेल. बाकीच्यांपैकी वय आणि तयारी असेल त्यांनी प्रवेशाच्या वेळी ट्रेड घ्यावा. इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, वायरमन दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष. वायरमन आणि वेल्डर आठवी पासलाही मिळतात, म्हणून दहावी नापास पोरगा संपला असं समजू नका. वायरमनचा परवाना हातात आला की तो स्वतः छोटी कामं घ्यायला लागतो.

पूर्वभागची_ताई
निदेशक सर, ओळंबासाहेब, मनापासून आभार. महारेराचं डोक्यातच आलं नव्हतं. ८० टक्क्यांचं कुणी सांगेल का? वस्तीत सगळे त्यावरच बोलतात.

नियमवाला
ताई, तो नियम राज्य सरकारच्या उद्योगविषयक धोरणातला आहे. सरकारकडून सवलती आणि प्रोत्साहन घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत असा. तुमच्या शेजारच्या खासगी इमारतीच्या ठेकेदाराला तो दाखवून काही होणार नाही, उलट तो दार लावून घेईल.

सार्वजनिक कामांचं वेगळं आहे. बांधकाम विभागाची ठरावीक रकमेपर्यंतची छोटी कामं मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुली स्पर्धा यांत ठरलेल्या प्रमाणात वाटली जातात. जिल्ह्यातल्या मजूर संस्थांपैकी खरोखर काम करणारी शोधा, नुसती कागदावरची नको. बेरोजगार अभियंते तर तुमच्या पोरांच्याच वयाचे असतात आणि त्यांना विश्वासू हात हवेच असतात.

आणि एक मनातली गोष्ट. कुंभारीला रे नगर झालं. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची योजना, १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या दिल्या. विडी आणि यंत्रमाग कामगारांची घरं बांधताना त्यांच्याच मुलांना गवंडी, वायरमन करून घ्यायची यापेक्षा चांगली संधी कुठली? अशा प्रत्येक कामाच्या निविदेतच "इतके स्थानिक शिकाऊ घ्यावेत" अशी अट पाहिजे. काम सुरू झाल्यावर विनंती करण्यात अर्थ नसतो. तुमच्या मंडळाने नगरसेवक, आमदारांकडे हे निविदा निघायच्या आधी मागावं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं कामही आहे, तिथेही हेच.

थापी_करणी
मी लेबर ठेकेदार आहे मालक, आमच्यावर सगळे बोलतात म्हणून लिहितो.

गावातली पोरं नकोत असं नाही. माझ्याकडे दोघे फरशीवाले नीलमनगरचेच आहेत, आज त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण दहा पोरं आली तर सातजण पहिल्या पगारानंतर येत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे ऊन किती, सांगायला नको. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. त्यात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आठ दिवस गायब. यात्रेला जावं की, मीही जातो, नंदीध्वजांची मिरवणूक कोण चुकवेल? पण आधी सांगून जा. न सांगता गेलेल्या दिवशी माझी सिमेंट कालवलेली पाटी वाया जाते.

ताई, तुम्ही असं करा. पोरांना एकेकटं गेटवर पाठवू नका. तुम्ही किंवा मंडळातलं मोठं माणूस बरोबर या आणि दोनच पोरं आणा. "पंधरा दिवस बघा, दांडी मारली तर मला फोन करा" असं म्हणा. जबाबदारी घेणारं माणूस मागे आहे म्हटलं की मी तरी नाही म्हणणार नाही. फरशीचं काम शिकणाऱ्याला मी पहिल्या दिवसापासून कटर देत नाही. आधी मसाला पसरणं, मग दोरी धरणं, मग फरशीखाली पोकळ वाजतं का ते मुठीनं ठोकून ओळखणं. तो आवाज कानात बसला की पोरगा अर्धा मिस्त्री झाला. जो विचारतो "आण्णा, हे असं का?" तो टिकतो.

आणि उचल घेऊ देऊ नका. सुरुवातीलाच उचल घेतली की पोरगा अडकतो, मन मोडतं, मग पळतो.

जुळे_सोलापूरची_अक्का
बायकांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी बिगारी म्हणून लागले, आता पुट्टी आणि रंगाचं काम करते. बाईला जन्मभर पाट्या वाहायला लावतात, शेजारच्या गड्यापेक्षा कमी मजुरी देतात आणि हातात हत्यार देत नाहीत. म्हणून तुमच्या बायकांना पहिल्या दिवशीच सांगून जायला सांगा, "आम्हाला काम शिकायचंय." फरशीचे सांधे भरणं, पुट्टी घासणं, रंगाचा हात यात बायका लवकर तयार होतात, कारण विडी वळणाऱ्या बोटांना नेट असतो आणि नजर बारीक असते.

दोघी-दोघींनी जा, एकटीनं नको. संडासाची सोय आहे का ते आधी विचारा. लाजू नका. नसेल तर ती साइट सोडा, दिवसभर पाणी न पिता काम केलं की दुखणं मागे लागतं.

माझी एका साइटवरची मजुरी बुडाली. ठेकेदार रात्रीतून निघून गेला. तेव्हा मला माहीत नव्हतं की अशा वेळी मुख्य मालकावर जबाबदारी येते. हजेरीची वही असती तर भांडता आलं असतं. म्हणून प्रत्येकीनं स्वतःची वही ठेवा, तारीख, काम आणि ठेकेदाराची सही.

नियमवाला
अक्का म्हणतात ती वही आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देतो, किंवा ग्रामसेवक, महापालिकेचा अधिकारी. बांधकाम खर्चावर जो १ टक्का उपकर घेतात त्यातूनच मंडळाच्या योजना चालतात. मुलांना शिष्यवृत्ती, सुरक्षा संच, अपघातात घरच्यांना मदत. हा कामगारांचाच पैसा आहे, कुणाचे उपकार नाहीत.

नोंदणीचं शुल्क नाममात्र आहे. कुणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर सरळ उठून या. आणि काम न करता खोटा दाखला घेऊ नका, त्यामुळे खऱ्या कामगारांच्या अर्जांवर संशय येतो.

ओळंबा_आणि_लेव्हल
एक राहिलं. घर सोडायची तयारी असलेला एखादा असेल तर पनवेलला एल अँड टीची बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. फी नाही, राहण्याची सोय आहे. सळई बांधणी, शटरिंग असं रीतसर शिकवतात. नंतर काम देशात कुठेही लागू शकतं, घरच्यांना विचारूनच पाठवा.

पूर्वभागची_ताई
थापी_करणी आण्णांनी सांगितलं तसंच केलं. काल संध्याकाळी दोन मुलांना घेऊन इलेक्ट्रिकच्या ठेकेदाराला भेटले. सोलापूरचेच निघाले, घरी तेलुगू बोलणारे, आणि आमच्यातला एकजण तेलुगूच, त्यामुळे गप्पा लगेच जमल्या. सोमवारपासून दोघांना या म्हणाले. विद्यावेतनात सरकारचा वाटा असतो हे त्यांनाही नवीन होतं, कागद बघून सांगतो म्हणाले. निदेशक सर, त्यांना तुमच्याकडे पाठवू का? बायकांपैकी दोघी रंगकामाला तयार आहेत, अक्का, तुमच्याशी व्यक्तिगत निरोपात बोलते.

एक अडचण आहे. एक मुलगा सतरा वर्षांचा, फार हुशार, वडिलांच्या मागाची दुरुस्ती स्वतः करतो. तोही मागे लागलाय. त्याला नेऊ का?

निदेशक_सोलापूर
ठेकेदारांना जरूर पाठवा, येताना आस्थापनेची नोंदणी आणि बँकेचे तपशील आणायला सांगा.

सतराच्या मुलाला साइटवर नेऊ नका. उंचीवर, विजेजवळ काही झालं तर त्याच्या घराचं नुकसान भरून येणार नाही, आणि कल्याणकारी मंडळाची नोंदणीही अठराच्या आत होत नाही. माग दुरुस्त करणाऱ्या पोराला पाना, बेअरिंग, मोटार ओळखीची असते. त्याला यंदाच आयटीआयला घाला. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर. बाहेर पडेपर्यंत अठरा पूर्ण होतील आणि शिकाऊ म्हणून तो थेट आयटीआयवाल्यांच्या गटात बसेल. प्रवेशाची जाहिरात आली की इथेच टाकतो. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला असेल तर तो आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला रांग असते.

थापी_करणी
ताई, सोमवारी पोरांना बूट घालून पाठवा. चपलेवर आलं की खिळा पायात जातो आणि पहिल्याच आठवड्यात पोरगा घरी बसतो. हेल्मेट ठेकेदाराकडून मागून घ्यायचं, ते त्यानंच द्यायचं असतं.