मळा, फोंतेन्हास, सां तोमे : तुमच्या तावेर्नचे अनुभव लिहा

पणजीच्या ह्या जुन्या वाड्यांचं रूप गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदललंय. बंद पडलेल्या कौलारू घरांत कॅफे आले, गेस्ट हाऊस आले, संध्याकाळी कॉकटेल बारबाहेर गर्दी असते. मला त्याचं वाईट वाटत नाही, घर ढासळण्यापेक्षा त्यात दिवा लागलेला बरा. पण त्याच गल्ल्यांत तीन-चार टेबलांच्या जुन्या तावेर्नी, म्हणजे छोटे दारूचे गुत्ते, आहेत, मागे फेणीचे काचेचे मोठे गरफांव (बुधले) आणि गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणारा पात्रांव (मालक), त्यांच्याबद्दल कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून हा धागा. कोणासोबत गेलात, काय प्यायलात, काय खाल्लंत, सगळं लिहा. न पिणाऱ्यांनीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. मी साताऱ्याची, नोकरीसाठी इथे आले, खोली मळ्यात. आमच्या घरात बाईने बारची पायरी चढायची नाही हे कोणी सांगायचीसुद्धा गरज नव्हती. जूनमधल्या एका संध्याकाळी पाऊस असा कोसळला की छत्री उलटी झाली आणि मी एका तावेर्नच्या दारात उभी राहिले, आत जायचा विचारही नव्हता. काउंटरवरच्या आंटीने बघितलं आणि म्हणाली, "भितर यो गो बाय, भिजता मगे." मला कोकम सोडा दिला. शेजारच्या टेबलावर एक आजोबा ट्यूबलाइटखाली मराठी पेपर वाचत होते, त्यांनी न बोलता आतली पानं काढून माझ्यापुढे सरकवली. पाऊण तास बसले, एकानेही वळून बघितलं नाही. त्या शहरात मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं ते तिथे.

डिचोलीकर

छान धागा. तावेर्नमध्ये गलासात जे येतं ते कुठून येतं ते लिहितो, कारण आमच्या आजोबांची काजूची भट्टी होती आणि मार्च ते मे आमचं सगळं घर तिथेच असायचं. झाडाखाली आपोआप पडलेली बोंडं गोळा करायची, झाडावरून तोडायची नाहीत, हे आजोबांचं पहिलं शिक्षण. बिया वेगळ्या काढायच्या, बोंडं पायाने तुडवायची, मग उरलेला चोथा बांधून वर दगड ठेवायचे, त्यातून थेंब थेंब झिरपतो तो निरो. आम्हा पोरांना तोच प्यायला मिळायचा, आणि तसा गोडवा मला परत कुठल्याच पेयात मिळाला नाही. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबला की तांब्याच्या भांड्यात चढवायचा. पहिल्या धारेला येतो तो हुर्राक, साधारण 15 टक्के, हलका. तो परत रसाबरोबर चढवला की फेणी, ती 40 टक्क्यांच्या वर जाते. जुने लोक अजून तिचा जोर ग्राव ह्या जुन्या मापात सांगतात. हुर्राक टिकत नाही, म्हणून तो उन्हाळ्यातच प्यायचा, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून. ऑगस्टमध्ये कोणी हुर्राक आणून दिला तर मी तरी घेत नाही. काजू फेणीला 2009 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा खूप आनंद झाला, पण पणजीत तावेर्नमध्ये बसलो की अजून आधी वास घेतो, आणि वास बरोबर आला की आजोबा आठवतात.

सां तोमेतला

आमच्या घरापासून तावेर्न तीस पावलं. बाबा सरकारी नोकरीत, रोज साडेसातला एक कोप (पेला), दुसरा कधीच नाही. पण तावेर्न म्हणजे फक्त दारू असं लहानपणी आम्हाला माहीतच नव्हतं, घराची चावी तिथे ठेवलेली असायची, गावाहून आलेला पाहुणा आधी तिथे चौकशी करायचा, गणपतीला गावी जाताना आई पात्रांवला सांगून जायची की घरावर लक्ष ठेव. नाताळात त्यांच्याकडून दोदोल आणि नेवऱ्या यायच्या, चतुर्थीला आमच्याकडून मोदक जायचे. बाबा गेले त्या दिवशी पात्रांवने दुपारीच दार ओढून घेतलं आणि रात्रभर आमच्या ओट्यावर बसून राहिला, काही बोलला नाही. तेराव्याला मी गेलो तेव्हा बाबांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. ती तावेर्न आता नाही, तिथे कपड्यांचं दुकान आहे, दुकानवाली मुलगी चांगली आहे, मी तिला हे सगळं सांगितलंय.

बांद्याहून

आम्ही कला अकादमीत नाटकाला यायचो तेव्हा नाटकाआधी कदंब स्टँडवरून पाटोचा पूल ओलांडून इकडे चालत यायचं, एक फेणी, तळलेला बांगडा, आणि नाटक सुटल्यावर गाड्यावरचं रोस आमलेट, म्हणजे रश्शातलं आमलेट. एवढंच. पण त्या संध्याकाळी अजून जशाच्या तशा आठवतात.

फोंतेन्हासची रहिवासी

नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते. ही घरं आहेत, माणसं राहतात. माझ्या पायऱ्यांवर एका जोडप्याने लग्नाआधीचं शूटिंग केलं, सासूबाईंना औषध आणायला बाहेर पडायचं होतं तर आम्हालाच थांबायला सांगितलं. गल्लीत फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्यात, त्या वाचा. तावेर्नमध्येही तेच, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका. गाडी आत आणू नका, चालत या. दुपारी एक ते चार हाक मारू नका, ती झोपेची वेळ आहे. आणि रात्री दहानंतर आवाज गल्लीत फार घुमतो हो, भिंतीला भिंत आहे.

बाकी जरूर या. मारुतीच्या जत्रेच्या दिवसांत या, मळा उजळलेला असतो.

पर्वरीकर

वय 26. आमच्या ग्रुपला फेणी नको असायची, वास येतो म्हणून. मग इथल्याच एका नव्या बारमध्ये कोकम घालून फेणीचं कॉकटेल प्यायलो, आवडलं, आणि बारटेंडरने स्वतःच सांगितलं की नुसती चाखायची असेल तर मागच्या गल्लीतल्या तावेर्नमध्ये जा. गेलो. पात्रांवने आधी विचारलं "खंयचो रे तूं?", मी आजोळचं गाव सांगितलं, तर त्याला माझ्या मामाचं घर माहीत होतं. माडाची फेणी पहिल्यांदा तिथे प्यायलो, सुरेपासून (माडीपासून) काढलेली, काजूच्या मानाने सौम्य. आता शनिवारी आधी तिथे जातो, मग कॉकटेल. मामालाही घेऊन गेलो एकदा, ते दोघं शाळेतल्या फुटबॉलवर बोलत बसले आणि मला नऊ वाजता एकट्यालाच परत यावं लागलं.